गर्भाच्या डोक्याचा घेर संगणकाकडून मोजून घेताना: पहिल्या चित्रापासून शेवटच्या मिलिमीटरपर्यंत

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर बीपीडी (डोक्याची रुंदी), एचसी, एसी (पोटाचा घेर), एफएल (मांडीच्या हाडाची लांबी) असे चार आकडे असतात. त्यातला एचसी म्हणजे गर्भाच्या डोक्याचा घेर. तो १७५ मिलिमीटर आला तर हॅडलॉक यांच्या १९८४ च्या सूत्रानुसार गर्भ साधारण २० आठवड्यांचा. या वयात घेर एक मिलिमीटरने चुकला तर वय जेमतेम अर्ध्या दिवसाने हलतं. हाच घेर ३२० मिलिमीटरच्या आसपास असेल, म्हणजे ३६ आठवडे झालेले असतील, तर एका मिलिमीटरमागे एक दिवस जातो. म्हणून या कामात मी प्रत्येकाला सुरुवातीलाच सांगतो, की न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम, यालाच पुढे मॉडेलही म्हटलंय) कुठलं घ्यायचं यावर दोन दिवस घालवा आणि मिलिमीटर नीट येतात का यावर दोन आठवडे.

हा लेख इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आणि ज्यांना हे स्वतः करून पाहायचं आहे अशा तरुण रेडिओलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञांसाठी आहे. थोडं पायथॉन येत असलं की पुरे. चांगला ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक नसेल तर गूगल कोलॅबवर फुकट मिळणाऱ्या वेळेत हे काम होतं.

आधी कायदा, मग कोड

हा भाग शेवटी ढकलू नका. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी मशिनला जोडून प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारी ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ यंत्रणा बसवली गेली. त्याविरुद्ध रेडिओलॉजिस्टांची संघटना न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यंत्रणेच्या बाजूने निकाल दिला. या मातीत सोनोग्राफीच्या चित्रावर संगणक बसवायचा तर हे सगळं माहीत असायलाच हवं.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा. गर्भाच्या कमरेखालच्या भागाची चित्रं तुमच्या संग्रहात येऊच देऊ नका. ‘नंतर काढून टाकू’ असं म्हणून संपूर्ण व्हिडिओ उतरवून घेऊ नका. त्यातल्या कुठल्या फ्रेममध्ये काय आहे हे तुम्हाला तोवर माहीत नसतं. डॉक्टरांनी निवडून दिलेली डोक्याच्या प्लेनची, म्हणजे डोक्याच्या ठरावीक आडव्या छेदाची, स्थिर चित्रंच घ्या. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं उपकरण, स्वतः हातात धरून चित्रं जमवणं तर सोडूनच द्या. नोंदणीकृत केंद्र, पात्र डॉक्टर आणि प्रत्येक तपासणीमागे फॉर्म एफ हा कायद्याने ठरलेला नोंदीचा अर्ज, याशिवाय गर्भवतीची सोनोग्राफी होत नाही. प्रशिक्षण न घेतलेल्या माणसाने पोटावरून ठरावीक रेषांत प्रोब फिरवायचा आणि संगणकाने वय सांगायचं, असे प्रयोग परदेशात झाले आहेत. झांबियातल्या लुसाकामध्ये असं मोठं काम झालं. ते वाचून आशा वाढते हे खरं, पण आपल्याकडे ती पद्धत जशीच्या तशी आणता येणार नाही.

रुग्णालयाची चित्रं वापरायची असतील तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी पहिल्या दिवशी मागा. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२३ मध्ये आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या प्रस्ताव लिहिण्याआधी वाचा. परवानगी यायला वेळ लागतो, आणि तोवर हात रिकामे ठेवायची गरज नाही, कारण शिकण्यासाठी एक उत्तम खुला संग्रह आहे.

चित्रं कुठली घ्यायची

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या रॅडबाउड विद्यापीठ रुग्णालयाने एचसी१८ नावाचा संग्रह २०१८ मध्ये खुला केला. त्यात ५५१ गर्भवतींची १,३३४ चित्रं आहेत. ९९९ शिकवण्यासाठी, ३३५ परीक्षेसाठी. प्रत्येक चित्र ८०० बाय ५४० पिक्सेलचं. शिकवण्याच्या ९९९ पैकी पहिल्या तिमाहीतली १६५, दुसरीतली ६९३ आणि तिसरीतली १४१ आहेत. ही विभागणी कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. तुमचं मॉडेल दुसऱ्या तिमाहीत हुशार आणि टोकांना कच्चं निघणार, हे या तीन आकड्यांतच दिसतं. शिवाय या संग्रहात वाढीत दोष नसलेले गर्भच आहेत. म्हणजे डोकं खरोखर लहान किंवा मोठं असलेल्या बाळावर मॉडेल कसं वागेल, हे हा संग्रह सांगू शकत नाही.

प्रत्येक चित्रासोबत दुसरी फाइल असते, तिच्यात तज्ज्ञाने काढलेली कवटीभोवतीची लंबवर्तुळाची रेषा. आणि एका तक्त्यात प्रत्येक चित्राचा पिक्सेल किती मिलिमीटरचा आणि घेर किती, हे दिलेलं. पिक्सेलचा आकार ०.०५२ पासून ०.३२६ मिलिमीटरपर्यंत बदलतो, कारण तपासताना डॉक्टर डेप्थ आणि झूम बदलतात. सहापट फरक आहे हा. दोन चित्रांत डोकं पडद्यावर एकसारखं मोठं दिसेल आणि प्रत्यक्षात एक गर्भ १४ आठवड्यांचा, दुसरा ३० चा असेल. म्हणून चित्र देऊन नेटवर्ककडून थेट मिलिमीटर मागू नका. नेटवर्ककडून फक्त ‘डोकं कुठे आहे’ एवढं काढून घ्या आणि मिलिमीटरचं गणित आपल्या हातात ठेवा.

मॉडेलला हात लावण्याआधीची परीक्षा

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

तज्ज्ञाची रेषा घ्या. तिच्यावरच्या बिंदूंवर ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीच्या फिट-इलिप्स फंक्शनने लंबवर्तुळ बसवा. लांब आणि आखूड अर्धव्यास काढा, पिक्सेलच्या आकाराने गुणा, घेर काढा आणि तक्त्यातल्या घेराशी ताडून बघा. सर्व ९९९ चित्रांवर. नेटवर्क नाही, शिकवणं नाही, काही नाही. इथे फरक मिलिमीटरच्या आत यायला हवा. येत नसेल तर पुढे जाऊ नका.

घेरासाठी रामानुजन यांचं सूत्र वापरा. अर्धव्यास अ आणि ब असतील तर आधी अ आणि ब यांच्या बेरजेची तिप्पट करा. मग (३अ + ब) आणि (अ + ३ब) यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ त्यातून वजा करा आणि उरलेल्याला ३.१४१६ ने गुणा. एक उदाहरण सोडवून दाखवतो. अ ३१० पिक्सेल, ब २४५ पिक्सेल, पिक्सेल ०.१ मिलिमीटरचा. म्हणजे अ ३१ मिलिमीटर, ब २४.५ मिलिमीटर. बेरीज ५५.५, तिची तिप्पट १६६.५. ११७.५ गुणिले १०४.५ याचं वर्गमूळ ११०.८. वजाबाकी ५५.७, गुणिले ३.१४१६, उत्तर १७५ मिलिमीटर. वीस आठवड्यांचं बाळ.

माझ्या पहिल्या प्रयत्नात याच चित्रासारख्या चित्राचा घेर ३५० आला होता. फिट-इलिप्स अर्धव्यास देत नाही, पूर्ण व्यास देतं. शिवाय कोन अंशांत देतं, रेडियनमध्ये नाही. दुप्पट चूक लगेच डोळ्यांत भरते, म्हणून ती बरी. वाईट चुका त्या, ज्या पटतील अशा आकड्यात येतात.

तशी एक चूक सगळ्यांकडून होते. चित्र २५६ बाय २५६ च्या चौकोनात बसवतात, कारण इंटरनेटवरच्या बहुतेक उदाहरणांत तसंच असतं. आडवी बाजू ३.१२५ पटीने आकसली, उभी २.१०९ पटीने. मग पिक्सेलचा आकार ३.१२५ ने गुणून दोन्ही दिशांना वापरला, की वरच्याच उदाहरणात ब २४.५ ऐवजी ३६.३ होतो, घेर २१२ होतो आणि वीस आठवड्यांचं बाळ तेवीस आठवड्यांच्या पुढे जातं. २१२ हा आकडा अगदी सभ्य दिसतो. कुणाला शंका येणार नाही.

उपाय साधा आहे. चित्र ताणूच नका. ८०० ला ३२ ने पूर्ण भाग जातो, ५४० ला जात नाही, पण खाली चार काळ्या ओळी जोडल्या की ५४४ होतात आणि त्याला जातो. चित्रातला हवा तो भाग वेगळा काढणाऱ्या यू-नेटसारख्या नेटवर्कला एवढंच हवं असतं. मेमरी पुरत नसेल तर दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात निम्म्या करा, ३२ ने भाग जाईपर्यंत पुन्हा काळ्या ओळी जोडा आणि उत्तराचा मास्क, म्हणजे डोक्याचे पिक्सेल वेगळे दाखवणारं चित्र, जोडलेल्या ओळी काढून परत मूळ आकाराला नेऊन मगच लंबवर्तुळ बसवा.

आणखी एक. तज्ज्ञाची रेषा आतून पोकळ आहे, शिकवायला भरलेला मास्क लागतो. आतला भाग रंगाने भरणारं फंक्शन वापरलं तर जिथे डोकं चित्राच्या कडेला कापलं गेलंय तिथे रेषा बंद होत नाही आणि मास्क बिघडतो. आधी लंबवर्तुळ बसवा आणि तेच भरून काढा.

वाटणी करताना फाइलचं नाव वाचा

शिकवायला आणि तपासायला चित्रं वेगळी काढताना सरळ यादृच्छिक वाटणी करू नका. एचसी१८ मध्ये फाइलच्या नावाची सुरुवात तीन आकड्यांनी होते आणि एकाच तपासणीतल्या अनेक चित्रांना तेच तीन आकडे असतात. ९९९ चित्रं आहेत, पण आकडे ८०५ पर्यंतच जातात. एकच डोकं शिकवणीतही आलं आणि परीक्षेतही, तर विद्यार्थ्याला पेपर आधीच मिळाल्यासारखं होतं. त्या तीन आकड्यांना गट समजा आणि गट न फोडता वाटणी करा. तिन्ही तिमाह्या दोन्हीकडे त्याच प्रमाणात येतील हेही पाहा.

नेटवर्क

याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. फ्रायबुर्गमध्ये २०१५ साली तयार झालेलं यू-नेट आजही या कामाला पुरेसं आहे. त्याच्या चित्र वाचणाऱ्या अर्ध्या भागाला आधीच शिकलेला रेझनेट-३४ एन्कोडर लावा, पायथॉनच्या पायटॉर्चमध्ये तयार लायब्ररी मिळते. डाइस आणि क्रॉस-एन्ट्रॉपी यांची बेरीज लॉस (शिकवताना कमी करायची चूक) म्हणून घ्या, अॅडम ऑप्टिमायझर, लर्निंग रेट ०.०००१, एका वेळी आठ चित्रं. तपासणीच्या चित्रांवरची चूक कमी होणं थांबलं की थांबा.

चित्रांमध्ये कृत्रिम बदल करून संख्या वाढवताना मात्र सोनोग्राफीचं भौतिकशास्त्र आठवा. डावं-उजवं उलटलेलं चालतं. थोडं फिरवणं, उजेड आणि गेन कमी-जास्त करणं, थोडे ठिपके मिसळणं, तेही चालतं. वर-खाली उलटू नका. हाडाची सावली नेहमी प्रोबपासून दूर, खालच्या दिशेने पडते. चित्र उलटलं तर सावली आकाशाकडे पडलेली दिसते आणि असं चित्र कुठलंच मशिन काढत नाही.

इथे नवशिक्यांना गोंधळात टाकणारी एक गोष्ट. कवटीचा वरचा आणि खालचा भाग चकचकीत पांढरा दिसतो, दोन्ही बाजू मात्र पुसल्यासारख्या. चित्र खराब आहे म्हणून असं होत नाही. लहरी हाडावर सरळ आपटल्या की जोरात परततात, हाडाला समांतर गेल्या की परततच नाहीत. नेटवर्कचा मास्क या बाजूंना अडखळतो, खाचा पडतात. म्हणून मास्कचा परीघ पिक्सेल मोजून कधीच काढायचा नाही. सर्वांत मोठा तुकडा ठेवायचा, त्याच्या कडेवर लंबवर्तुळ बसवायचं आणि त्याचा घेर घ्यायचा.

डाइसवर विश्वास ठेवू नका

मास्क किती जुळला हे सांगणारा डाइस गुणांक ०.९८ आला की सगळे खूश होतात. मी एक हिशेब देतो. तुमचं लंबवर्तुळ सगळीकडून फक्त दोन टक्के मोठं निघालं, तर डाइस ०.९८ च येतो. पण घेरही दोन टक्के मोठा असतो. ३२० मिलिमीटरच्या डोक्यावर दोन टक्के म्हणजे ६.४ मिलिमीटर, म्हणजे जवळपास आठवडा. वाढ मागे पडलेलं बाळ ठीक दिसायला एवढं पुरतं.

म्हणून चार गोष्टी वेगवेगळ्या मांडा: मिलिमीटरमधली सरासरी चूक, चिन्हासकट सरासरी फरक (मॉडेलचा घेर वजा तज्ज्ञाचा), सर्वांत वाईट दहा चित्रं, आणि या सगळ्याची तिमाहीनुसार फोड. चिन्हासकट फरक सतत अधिक येत असेल तर तुमचं मॉडेल कवटीच्या बाहेरची त्वचा धरतंय. सतत उणे येत असेल तर ते हाडाच्या आतल्या कडेवर बसतंय. घेर हाडाच्या बाहेरच्या कडेवरून मोजायचा असतो, हे सोनोग्राफी शिकणाऱ्या डॉक्टरांनाही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

वाईट दहा चित्रं छापा आणि एखाद्या अनुभवी रेडिओलॉजिस्टबरोबर बसा. मला जे कळलं ते सगळं अशाच बैठकीत कळलं. पहिल्या तिमाहीत कवटी अजून नीट हाडाळलेली नसते, त्यामुळे मॉडेल गर्भपिशवीची भिंत धरतं. तिसऱ्या तिमाहीत डोकं आईच्या ओटीपोटात खाली उतरलेलं असतं, चित्रात मावत नाही, सावल्या गडद असतात. आणि काही चित्रांवर डॉक्टर बघून सरळ म्हणतील, ‘हे प्लेनच चुकीचं आहे, यावर मी मोजलंच नसतं.’

प्लेन तपासणारा पहारेकरी

ते वाक्य प्रकल्पाचा अर्धा भाग आहे. घेर मोजायचं प्लेन ठरलेलं असतं: मधली रेषा दोन्ही भागांच्या बरोबर मध्ये, दोन्ही बाजूंना थॅलॅमस हे मेंदूच्या मध्यातले गोळे, पुढच्या बाजूला कॅव्हम सेप्टी पेल्युसिडी या द्रव भरलेल्या पोकळीची लहान पेटी, आणि लहान मेंदू दिसता कामा नये. प्लेन तिरकं गेलं तर कितीही अचूक मोजा, आकडा चुकीचाच.

म्हणून घेर मोजणाऱ्या मॉडेलच्या आधी चित्र ओळखणारं दुसरं छोटं मॉडेल ठेवा. त्यासाठी बार्सिलोनाच्या दोन रुग्णालयांचा खुला संग्रह आहे: १,७९२ गर्भवतींची १२,४०० चित्रं, पोट, मेंदू, मांडीचं हाड, छाती, आईचं गर्भाशयमुख आणि इतर अशा सहा गटांत. मेंदूच्या चित्रांची थॅलॅमसचं, लहान मेंदूचं आणि व्हेंट्रिकलचं (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीचं) प्लेन अशी पुढची फोडही दिलेली आहे. हे मॉडेल ‘थॅलॅमसचं प्लेन’ असं खात्रीने म्हणेल तेव्हाच पुढे मोजायचं. नाहीतर पडद्यावर ‘प्लेन पुन्हा घ्या’ एवढंच दाखवायचं. आकडा न देणारं सॉफ्टवेअर लोकांना अपुरं वाटतं, पण जिथे माहीत नाही तिथे गप्प राहतं तेच डॉक्टर पुन्हा उघडतात.

आपल्या रुग्णालयाच्या चित्रांवर

परवानगी आली, चित्रं आली. आता तीन गोष्टी.

एक, नाव. सोनोग्राफीच्या चित्रावर आईचं नाव, तारीख आणि केंद्राचं नाव पिक्सेलमध्येच छापलेलं असतं. डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या स्वरूपातल्या फाइलच्या माहितीतून नाव पुसलं तरी चित्रावर ते राहतं. चित्राचा फक्त पंख्यासारखा भाग कापून घ्या आणि प्रत्येक चित्र डोळ्यांनी तपासा.

दोन, कॅलिपर, म्हणजे मोजमापाच्या खुणा. रुग्णालयात साठवलेल्या बहुतेक चित्रांवर डॉक्टरांनी मोजलेलं ठिपक्यांचं लंबवर्तुळ आधीच असतं. अशा चित्रांवर मॉडेल शिकवलं तर ते कवटी शोधायला शिकत नाही, ठिपके शोधायला शिकतं. परीक्षेत गुण भरघोस, आणि कोऱ्या चित्रावर काहीच नाही. डॉक्टरांना विनंती करा, की फ्रीझ केल्यावर मोजण्याआधी एक कोरं चित्र साठवा. एक जादा बटण दाबावं लागतं, पण जुन्या हजार चित्रांपेक्षा अशी शंभर मोलाची.

तीन, पिक्सेलचा आकार. सीटी किंवा एमआरआयमध्ये तो जिथे शोधता तिथे सोनोग्राफीत बहुधा नसतो. ‘अल्ट्रासाउंड रीजन’ नावाच्या विभागात ‘फिजिकल डेल्टा’ म्हणून असतो आणि बहुतेक वेळा सेंटिमीटरमध्ये असतो. एककाचा संकेतांक ३ असेल तर सेंटिमीटर समजा आणि दहाने गुणा. फाइल जेपेग स्वरूपात मिळाली असेल तर हा आकडा हरवलेला असतो. मग चित्राच्या कडेची मोजपट्टी वाचावी लागते. म्हणून आधीच डायकॉम मागा.

घेरावरून वय काढताना

१९८४ चं सूत्र असं: घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, ८.९६, अधिक घेराची ०.५४ पट, अधिक घेराच्या घनाची ०.०००३ पट, उत्तर आठवड्यांत. १७.५ टाकून बघा, २० येतात. पण हे सूत्र टेक्सासमधल्या स्त्रियांच्या मोजमापांवरून आलं. नंतर इंटरग्रोथ-२१ या प्रकल्पाने आठ देशांत गर्भांची वाढ मोजली आणि २०१४ मध्ये तक्ते प्रसिद्ध केले; त्या आठ ठिकाणांतलं एक आपलं नागपूर होतं. मद्रास आयआयटी आणि फरीदाबादची टीएचएसटीआय ही वैद्यकीय संशोधन संस्था यांनी भारतीय गर्भवतींच्या माहितीवरून गर्भाचं वय सांगणारं गर्भिणी-जीए२ हे मॉडेल २०२४ मध्ये मांडलं. एकच घेर वेगवेगळ्या तक्त्यांवर वेगळं वय दाखवू शकतो, म्हणून आकड्याशेजारी तक्त्याचं नाव छापायचंच. ज्या मातांची पहिल्या तिमाहीत सीआरएलवरून, म्हणजे गर्भाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून, तारीख ठरली आहे, त्यांची तारीख नंतरच्या घेरावरून बदलायची नसते; तिथे घेर फक्त वाढ बघण्यासाठी. तुमच्या सॉफ्टवेअरने अशा वेळी नवी ‘ड्यू डेट’ दाखवलीच नाही तर उत्तम. रिपोर्टवर दोन तारखा दिसल्या, की घरी गेल्यावर सासर-माहेरच्या दहा माणसांत ती बाई एकटी उत्तरं देत बसते.

डॉक्टरांच्या टेबलावर ठेवताना

रुग्णावर वापरण्यासाठीचं असं सॉफ्टवेअर भारतात एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येतं, त्यामुळे परवान्याशिवाय त्याचा आकडा रिपोर्टवर जाऊ शकत नाही. तोवर एथिक्स कमिटीच्या परवानगीने ते मागे, मूक चालवा: डॉक्टर नेहमीसारखं मोजतील, तुमचं मॉडेल स्वतंत्रपणे मोजेल, आणि दोन्ही आकडे आठवड्याच्या शेवटी शेजारी ठेवून बघायचे. मॉडेलचा आकडा डॉक्टरांना आधी दिसू देऊ नका, नाहीतर त्यांचा हात नकळत त्या आकड्याकडे सरकतो आणि तुलना संपते.

पुढे कधी पडद्यावर दाखवायची वेळ आली तर नुसता आकडा दाखवू नका. चित्रावर लंबवर्तुळ काढा, त्याला चार टोकांना पकडून ओढता येईल असं ठेवा, आणि ‘मान्य’ म्हटल्याशिवाय घेर रिपोर्टमध्ये जाऊ देऊ नका. डॉक्टरांनी कुठलं टोक किती मिलिमीटर ओढलं याची नोंद ठेवा. मशिन बदललं, नवा प्रोब आला, मशिनच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, की पुढच्या पन्नास चित्रांच्या नोंदी लगेच उघडून बघा. सगळे एकाच बाजूला ओढताहेत असं दिसलं, तर मॉडेल बंद करा आणि ‘फिजिकल डेल्टा’पासून पुन्हा तपासायला लागा.